कामिनी झेड पाटील

जळगावच्या एमआयडीसीत हितेंद्रभाऊंचा तेरा माणसांचा कारखाना आहे. बाहेरून बघाल तर नुसती पत्र्याची शेड, पुढे दोन कडुलिंब आणि त्यांच्या सावलीत दाटीनं लावलेल्या मोटारसायकली. आत मात्र शेताला पाणी सोडणाऱ्या पेट्या बनतात. ठिबकच्या कुठल्या लाइनीला किती वेळ पाणी द्यायचं, खत कधी सोडायचं, हे सगळं ती पेटी बघते. या कारखान्याच्या वरच्या माळ्यावर, खिडकीकडे पाठ करून कामिनी बसते. वय सत्तावीस, बोलणं कमी, चहा बिनसाखरेचा. तिच्या ओळखपत्रावर, ईमेलवर, हजेरीवर सगळीकडे नाव एकच: कामिनी झेड पाटील. झेड म्हणजे काय हे सहा वर्षांत तिथे कुणाला कळलं नाही. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, वडिलांचं नाव, आणि लगेच कामाचं काहीतरी काढायची.

आता आपल्यापासून काय लपवायचं? वडिलांचं नाव झिपरू. पारोळ्यापासून आठ किलोमीटरवरच्या खेड्यात झिपरू आबांची साडेतीन एकर कपाशी आणि मिरची आहे, आणि तिथे या नावाला कुणी हसत नाही, कारण तिथे दर चार घरांआड एक झिपरू, एक उखा, एक धुडकू सापडतोच. ज्या घरात आधीची लेकरं हाती लागली नाहीत, त्या घरात पुढच्याला असलं ओबडधोबड नाव ठेवायची आपल्याकडे रीत. नाव ऐकून कुणाची दृष्ट लागू नये, काळानंसुद्धा नाक मुरडून पुढे जावं. झिपरू आबांच्या आधी दोन भाऊ गेले होते. हे तिसरे. पाच वर्षं डोक्याला कात्री लावली नाही, झिपऱ्या वाढवल्या, आणि नाव तेच पडलं ते पडलं.

कामिनीला ते नाव सोळाव्या वर्षापर्यंत कधी बोचलं नव्हतं. मग ती डिप्लोमाला धुळ्याला गेली. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना सरांनी पूर्ण नाव पुकारलं, ‘कामिनी झिपरू पाटील’, आणि मागच्या बाकावरून जे हसू फुटलं ते पुढच्या बाकापर्यंत आलं. पोरीचा चेहरा कानापर्यंत तापला. सर कुणाला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली ती वेगळीच. सगळ्या साठ पोरांच्या वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर. प्रकाशचा पी, रमेशचा आर, झिपरूचा झेड. तीन वर्षं त्यांनी तशीच हजेरी घेतली. कामिनीनं त्या झेडचा आडोसा पकडला तो कायमचा. फॉर्मवर झेड, निकालावर झेड, डिप्लोमाच्या सर्टिफिकेटवर झेड.

ते सर म्हणजे निंबा नाना. पोरं समोर सर म्हणायची, पाठीमागे नाना. इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, पण हात सगळ्यात. कामिनीची बस सुटली की तिला लॅबमध्ये बसू द्यायचे, आणि त्यांच्या घरच्या डब्यात त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई एक भाकरी जास्तीची टाकायच्या, ती कुणासाठी हे न सांगता. प्रोग्राम लिहायला तिला शिकवलं ते नानांनीच. या माणसाचे आभार कसे मानायचे हे तिला कधी जमलं नाही. मोठ्या उपकाराचं असंच होतं, शब्द घेऊन जावं तर तो हातात फारच किरकोळ वाटतो.

हितेंद्रभाऊही नानांचेच विद्यार्थी, कामिनीच्या बरेच आधीचे. त्यांनी पेट्या करायला घेतल्या तेव्हा अडचण ही आली, की शेतकऱ्यानं पेटीला सांगायचं कसं? पेटीला कळतात आकडे. शेतकऱ्याला कळतं, एक नंबर चालू, चाळीस मिनिटं, एक नंबर बंद, मग खत चालू, दहा मिनिटं, खत बंद. या दोघांच्या मधे एक दुभाष्या पाहिजे. संगणकाच्या दुनियेत त्या दुभाष्याला कंपायलर म्हणतात. मोठमोठ्या कंपन्यांत असले कंपायलर डझनभर इंजिनिअर बसून लिहितात. नानांनी तो दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत, धुळ्यातल्या देवपूरच्या आपल्या घरी पंख्याखाली बसून, एकट्यानं लिहिला. शेतकऱ्यानं मराठीत लिहिलेल्या ओळी घ्यायच्या आणि पेटीचे आकडे करून द्यायचे. आज दोन हजारांवर पेट्या त्यावर चालतात. दोंडाईच्यापासून जामनेरपर्यंत शाळा सोडलेली माणसं आणि शाळेत न गेलेल्या बायासुद्धा बोटानं ओळी टाकून पाणी लावतात.

दहा वर्षं तो कंपायलर बिनबोभाट चालला. मग नव्या पेट्या आल्या, त्यात नवी चिप आली, आणि जुन्या कंपायलरमध्ये बदल करायची वेळ आली. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी तो उघडून वाचला. वाचणारा डोक्याला हात लावून बसला.

कारण नानांनी नावं कशी ठेवावीत? अहो, प्रोग्राममध्ये प्रत्येक तुकड्याला, प्रत्येक आकड्याच्या डब्याला नाव द्यावं लागतं. ते नाव यंत्राला कसलंही चालतं, वाचणाऱ्या माणसाला मात्र चालत नाही. नानांच्या डब्यांची नावं होती क१, क२, क३. एका ठिकाणी टेंप, म्हणजे तात्पुरता, खाली टेंप२, आणि त्याच्या खाली टेंपखरा. एका तुकड्याचं नाव बघू. दुसऱ्याचं बघूनंतर. साडेसहा हजार ओळी, आणि बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या, अशा.

हितेंद्रभाऊंनी कामिनीला बोलावून सरळ सांगितलं. पुण्याच्या एका कंपनीचा तयार माल आहे, इंग्रजी आहे, पण चालतो. नानांचा कंपायलर आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, निस्तरून नव्या पेटीवर चालला तर ठेवू. नाही तर आखाजीनंतर तो बंद. एवढं बोलून त्यांनी नजर खाली घातली, कारण त्यांनाही ते बोलणं जड जात होतं. कामिनीच्या डोळ्यापुढे तिची आई सुनंदाबाई आली. सातवी शिकलेली ती बाई घरच्या शेतातल्या पेटीवर ओळी टाकताना ओठ हलवत वाचते. ती इंग्रजी कुठून वाचणार होती? आणि देवपूरच्या घरातला तो पंखा, ते दोन उन्हाळे, ते असेच टाकून द्यायचे? ती म्हणाली, करते.

हाताशी पियुष होता, तिच्याहून तीन वर्षांनी लहान, कामाला वाघ आणि घाईलाही वाघच. दोघांनी फाल्गुनात काम धरलं. रीत अशी ठरली, की आधी कामिनीनं तुकडा वाचायचा, तो काय करतो ते समजून घ्यायचं, मग त्याला अर्थाचं नाव द्यायचं. त्यामागून पियुषनं जास्तीचं, दुबार, निकामी जे असेल ते काढून टाकायचं. क१चं ‘लाइन-नंबर’ झालं, क२चं ‘मिनिटं’. टेंपखरा म्हणजे खतासकट लागणारा एकूण वेळ निघाला. बघू म्हणजे शेतकऱ्याची ओळ बरोबर लिहिली आहे का ते तपासणारा तुकडा. चाळीत एकेका खोलीत दिवा लागत जावा तसं कामिनीला वाटायचं. नावं बदलता बदलता तिला कळत गेलं की आतली बांधणी किती पक्की आहे. नानांनी एकही वीट वाकडी लावलेली नव्हती, फक्त दारांवर पाट्या नव्हत्या. कधीकधी ती एखादा तुकडा वाचून हात जोडल्यासारखी बसून राहायची, आणि पियुष विचारायचा, ताई, अडलं का? ती म्हणायची, नाही रे, आवडलं.

असं करता करता चार हजार आठशे कितव्या तरी ओळीवर तिला तो तुकडा भेटला. नाव: झिपरू.

तिनं आधी मागे वळून पाहिलं. पियुष आपल्या पडद्यात बुडालेला होता. पुन्हा पाहिलं. झिपरूच. आणि त्याच्या पोटात एक डबा, त्याचं नाव तंबाखू, आणि त्यात आकडा चाळीस. अकरा वर्षांपूर्वीचं ते हसू पुन्हा कानाशी आलं. बाकी प्रत्येक तुकड्यापाशी ती अर्धा अर्धा दिवस थांबली होती. इथे थांबली पाच मिनिटं. तुकडा करत काय होता? ‘बंद’ हा हुकूम पेटीला दिला की चाळीस सेकंदांनी तोच हुकूम पुन्हा द्यायचा, बस. तिनं झटकन नाव बदललं, ‘दुबार-बंद’. तंबाखूचं केलं ‘विलंब’. आणि पुढच्या ओळीवर गेली. खोटं काहीच लिहिलं नव्हतं तिनं. तुकडा खरोखर दुबार बंदच करत होता.

चार दिवसांनी पियुष तिथे पोहोचला. त्याला दिसलं दुबार-बंद. एकदा बंद केलेलं पुन्हा कशाला बंद करायचं? दुबार काढायचं हेच तर त्याचं काम. त्यानं तुकडा काढला, सगळ्या चाचण्या लावल्या, सगळ्या पास झाल्या. होणारच. कारखान्यात इन्व्हर्टर आहे, तिथे लाइट कधी लुकलुकत नाही.

नवी पेटी पहिल्यांदा लावली ती यावलकडे छगनभाऊंच्या केळीत. छगनभाऊ जुने गिऱ्हाईक, नवी पेटी पहिली माझ्याकडे लावा म्हणून मागे लागलेले. टिश्यू कल्चरची नवी रोपं, वीतभर उंचीची, नुकतीच लागलेली. पाच दिवस सगळं झकास चाललं. सहाव्या दिवशी सकाळी खत सुटलेलं असताना लाइट गेली, साडेआठला आली, आणि शेतातली लाइट येते तशीच आली, तीनदा लुकलुकून. लाइट आली की आधी सगळं बंद करायचं ही पेटीची रीत, तिनं लगेच खताच्या वाल्वला हुकूम दिला, बंद. पण त्या पहिल्या क्षणांत लाइटला जोर नव्हता. वाल्व जागचा हलला नाही. पेटीनं मानलं, सांगितलं म्हणजे झालं. टाकीभर खत एकाच लाइनीत उतरलं. त्यानंतर चौथ्या दिवशी तीनशे रोपांची पानं कडेनं जळून आली.

छगनभाऊ चांगला माणूस. आरडाओरडा केला नाही. रोपं दुसरी मिळतील म्हणाला, पण जुनी पेटी परत बसवून द्या, असंही म्हणाला. काढून टाकलेल्या त्या तुकड्यापायी हे झालं, हे कामिनी आणि पियुषनं तोवर शोधून काढलं होतं. हितेंद्रभाऊंनी वर येऊन विचारलं, कुणाची चूक? पियुषचं तोंड उतरलं, तो उभा राहून सांगायलाच निघाला होता. कामिनी त्याच्या आधी बोलली.

“पियुषनं नावावर विश्वास ठेवला, भाऊ. नाव मी ठेवलं होतं.”

हितेंद्रभाऊंनी कपाळ चोळलं. आखाजीला दहा दिवस होते. तो तुकडा परत जागेवर टाकायला दहा मिनिटं लागली असती, पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. आणखी अशा किती जागा आहेत जिथे नानांनी काही करून ठेवलंय आणि का ते आपल्याला माहीत नाही? हे सांगता येत नसेल तर मी दोन हजार शेतांत ही पेटी लावू कशी? याचं उत्तर ज्या एका माणसाकडे होतं तो धुळ्याला होता. आणि त्याच्या कामाची आपण तोडफोड केली, हे त्याला जाऊन सांगायचं होतं.

सकाळच्या धुळे गाडीत ती बसली. एरंडोल गेलं, पारोळा आलं. स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली, तिकडे किल्ल्याचा बुरूज, इकडे गुळाची जिलबी तळणारा, सगळं रोजचं. इथून उतरून घरी जावं आणि आबांच्या शेजारी बसावं असं तिला वाटून गेलं. मग गाडी हलली.

देवपुरात नानांचं घर तेच, पंखाही तोच. प्रमिलाबाईंनी दारातच तिला ओळखलं आणि आधी पाणी, मग भाकरी, मग बाकीचं, असा हुकूम सुटला. नाना आता थकले होते. डोकं मात्र शाबूत. कामिनीनं सगळं सांगितलं. रोपं जळाली तेही, पुण्याच्या मालाचंही, आणि तुकड्याचं नाव मात्र खाली बघत. सांगून झाल्यावर तिला वाटलं, आता नाना रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसायला लागले आणि मग नेहमीची मास्तरी मराठी सोडून घरच्या बोलीत आले.

“ते तुन्हा बापनं नाव शे, बेटी.”

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग नानांनी ते सावकाश सांगितलं. कामिनी पहिल्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. पहिल्या दहा पेट्यांतली एक नानांनी तिच्या शेतात लावून दिली होती, हे तिला ठाऊक होतं. त्या पेट्यांत हाच रोग होता. लाइट आली की वाल्व ऐकायचा नाही. नानांनी एक उपाय लिहिला, तो फसला. दुसरा लिहिला, तोही फसला. आणि एक दिवस झिपरू आबा नानांच्या दारात उभे राहिले. त्यांच्याकडे मात्र वाल्व कधी अडकत नव्हता. का? तर म्हणाले, मी काही शिकलेलो नाही, सर. लाइट आली की बटण दाबतो बंदचं. मग मेरेवर, बांधावर, बसून तंबाखू मळतो. मळून तोंडात टाकली की उठतो आणि परत एकदा दाबतो. पहिल्यांदा ते ऐकत नाही, दुसऱ्यांदा ऐकतं. बारा वर्षं मोटारीशी माझी दोस्ती आहे, तिला दम घ्यायला वेळ लागतो.

नानांनी त्यांना तिथल्या तिथे तंबाखू मळायला लावली आणि घड्याळ लावलं. चाळीस सेकंद भरले. तोच आकडा तुकड्यात गेला, आणि रोग गेला. बोलता बोलता आबांनी आपल्या नावाचं सांगितलं, आधीचे दोन भाऊ गेले म्हणून. नानांचंही तसंच. त्यांच्याआधी त्यांच्या आईची दोन लेकरं गेलेली, म्हणून हे कडू नाव, निंबा. दोघं तिसरे.

“मन्हा तुकडा बी तसाच,” नाना म्हणाले. “दोन गयात, तिसरा वाचना. मंग नाव दुसरं काय ठेवू?”

कामिनीला एकच प्रश्न पडला. आबा इथे, घरी का आले? कॉलेजात का नाही? तो विचारताना तिला उत्तर आठवलंच. कॉलेजच्या फाटकापाशी पिशवी घेऊन उभे असलेले आबा तिला लख्ख दिसले. सरांना भेटून जातो म्हणाले होते. आणि ती म्हणाली होती, सर कामात आहेत, तुम्ही जा, बस निघेल. कुणी नाव विचारेल आणि पुन्हा हसेल या भीतीनं तिनं बापाला पाच मिनिटांत वाटेला लावलं होतं. बाप मान हलवून गेला होता, आणि मग धुळं तुडवत, विचारत विचारत देवपुरात आला होता. आणि हेही तिला दिसलं, की आबांचं ते तंबाखू मळणं, ते पुन्हा उठणं तिनं लहानपणापासून रोज पाहिलं होतं. जगात तो तुकडा वाचताक्षणी ज्या एका माणसाला कळायला हवा होता, ते माणूस तीच होती. नावापाशी ती पाच मिनिटं जास्त थांबली असती तर कळलाही असता. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. प्रमिलाबाई पाठीवर हात फिरवत राहिल्या.

रडून झाल्यावर ती म्हणाली, मी ते नाव परत ठेवते, नाना. नानांनी मान हलवली. नको. इथे ते पुन्हा मास्तर झाले. चूक माझीही आहे, म्हणाले. दोन उपाय फसले होते, लाइट लुकलुकते, तिला जोर यायला वेळ लागतो, हे बठ्ठं माझ्या डोक्यात होतं आणि मला त्या एका नावात दिसत होतं. पण नाव लिहिणाऱ्याला कळून काय उपयोग? तो मरणार कधीतरी. नाव मागून येणाऱ्याला कळलं पाहिजे. तुझं दुबार-बंदसुद्धा त्यातलंच. तुकडा काय करतो ते तू सांगितलंस. कशासाठी करतो ते सांग, म्हणजे कुणी काढणार नाही.

मग तीन दिवस ती तिथेच राहिली. नानांना साडेसहा हजार ओळी वाचून दाखवल्या. जिथे जिथे का हे कळत नव्हतं तिथे विचारलं, आणि तो थकलेला माणूस एकही जागा विसरला नव्हता. अशा सात जागा निघाल्या. सातही नोंदल्या. निघताना ती नानांच्या पाया पडली आणि अकरा वर्षं अडकलेलं शेवटी बोलली. म्हणाली, सर, त्या दुसऱ्या दिवशीच्या हजेरीबद्दल मी तुमची ऋणी आहे. नाना म्हणाले, मी तुला त्या दिवसापुरता आडोसा दिला होता, बेटी, तू तर त्यात घरच बांधलंस. आणि वर हसले, म्हणून तिला लागलं नाही.

जळगावला येऊन तिनं पियुषला शेजारी बसवलं आणि तुकडा जागेवर टाकला. त्याचं नाव ठेवलं ‘लाइट-आल्यावर-खात्रीचं-बंद’. लांबलचक, जरा बावळट, पण कुणाची हात लावायची हिंमत होणार नाही असं. तंबाखूचं झालं ‘वाल्वला-दम-घ्यायला-सेकंद’. वर चार ओळींत लिहिलं, की याआधीचे दोन उपाय कसे फसले. मग इन्व्हर्टर बंद करून, पियुषला मेन स्विचपाशी उभं करून, तिनं पन्नास वेळा लाइट लुकलुकवली. पन्नासही वेळा वाल्व बंद झाला. हितेंद्रभाऊ जिन्यात उभे राहून बघत होते. शेवटी खाली जाऊन त्यांनी पुण्याला फोन लावला आणि माल नको म्हणून कळवलं. छगनभाऊंकडे नव्या रोपांबरोबर ती स्वतः गेली, माफी मागितली, आणि त्या भल्या माणसानं तिसऱ्या दिवशी नवी पेटी पुन्हा लावून घेतली.

आखाजीला ती घरी गेली. गल्लीत झोके बांधलेले, सासरहून आलेल्या पोरींची गाणी चाललेली, सुनंदाबाई सांजोऱ्या तळत होत्या. आबा ओट्यावर होते. कामिनीनं मोबाइल त्यांच्या हातात दिला. कंपायलरच्या पहिल्याच पानावर तिनं तीन ओळी घातल्या होत्या. मूळ लेखन, निंबा नाना. लाइटवरचा उपाय, झिपरू पाटील. साफसफाई, कामिनी झिपरू पाटील. आबांनी चष्मा लावून त्या वाचल्या, बोट ठेवून, एकेक अक्षर. तिसऱ्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. तेवढ्यात शेताकडची लाइट यायची वेळ झाली म्हणून कुणी तरी हाकारलं, तसे ते उठले आणि मोबाइल तिच्या हातात देऊन चालू लागले.

आबांना काही वाटलं की नाही, हे तिला कळेना. सुनंदाबाईंनी झारा कढईवर ठेवला आणि घरात बोट दाखवलं. भिंतीवर कामिनीचं डिप्लोमाचं सर्टिफिकेट चौकटीत लावलेलं होतं, ज्याच्याकडे बघणं ती वर्षानुवर्षं टाळत आली होती. त्यावर तिचं नाव, मधे झेड. त्या झेडवरची काच तेवढी धूसर झाली होती, बोटं लागून लागून. सुनंदाबाई म्हणाल्या, येणारा-जाणारा जो येईल त्याला तुझे आबा इथे आणतात. तलाठी आला तरी, बांगडीवाली आली तरी. काचेवर बोट ठेवतात आणि सांगतात.

“हाऊ झेड म्हनजे मी.”

कामिनीला बसवेना. ती तशीच अनवाणी शेताकडे निघाली. लाइट नुकतीच आली होती, बटण एकदा दाबून आबा मेरेवर बसले होते, तळहातावर तंबाखू, अंगठा फिरत होता. पेटीनं चाळीस सेकंदांनी वाल्व दुसऱ्यांदा बंद केला त्याचा खट्ट आवाज दोघांनीही ऐकला. तरी आबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि गुडघ्यावर हात देऊन उठायला लागले. ती म्हणाली, आबा, पेटीनं केलं की आता. ते म्हणाले, पेटी तिन्हं करस, मी मन्हं करस. तिनं हात पुढे केला, तो धरून ते उठले, आणि दोघं मिळून बटणाकडे गेली.